विरघळते की नाही? : कॅल्शियमच्या घरातील सहा भावंडे

वाचकहो, हाडांच्या ठिसूळपणावर या सदरात लिहिल्यापासून बरीच पत्रे आली. त्यांतील तीन प्रश्न निवडले आहेत. एका निवृत्त शिक्षकांनी विचारले आहे, "रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून खाल्ला तर कॅल्शियमची गोळी बंद करता येईल का?" एका भगिनींचा प्रश्न असा की, "आमच्याकडे बोअरचे पाणी फार जड आहे. त्याने मुतखडा होतो म्हणून घरात सर्वांचे दूध बंद केले, हे बरोबर आहे का?" तिसरे पत्र एका तरुणाचे आहे. त्याच्या वडिलांना पोटाच्या तपासणीसाठी बेरियम पिऊन एक्स-रे काढायला सांगितले आहे. बेरियम हे उंदीर मारण्याचे विष आहे असे त्याने मोबाइलवर वाचले आणि तो घाबरून गेला आहे.

ही तीन पत्रे तीन विषयांवरची वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी, म्हणजे शाळेत आपण पाठ केलेल्या आणि परीक्षेनंतर विसरलेल्या आवर्तसारणीत आहे. त्या तक्त्यातील दुसऱ्या उभ्या रांगेत सहा धातू एकाखाली एक बसलेले आहेत : बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि रेडियम. रसायनशास्त्रात त्यांना अल्कधर्मी मृदा धातू म्हणतात. नाव बोजड असले तरी घाबरू नका. या घराची रीतभात एकदा कळली की, औषध कोणते आणि विष कोणते हे समजायला सोपे जाते.

घराची ओळख

या धातूंच्या नावात 'मृदा' म्हणजे माती कशी आली? जुन्या काळचे रसायनशास्त्रज्ञ जो पांढरा, मातकट पदार्थ विस्तवात वितळत नाही आणि पाण्यातही सहज विरघळत नाही, त्याला 'माती' म्हणत. चुना ही त्यांच्या दृष्टीने एक मातीच होती. या मातीच्या पोटात धातू दडलेला आहे, हे इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही यांनी १८०८ साली विजेच्या साहाय्याने दाखवून दिले. मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम हे चारही धातू त्यांनी त्याच एका वर्षात वेगळे केले. बेरिलियम १८२८ मध्ये सुटे झाले. रेडियमचा शोध मेरी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ साली लावला.

या सहाही भावंडांच्या अणूच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेत दोनच इलेक्ट्रॉन असतात. ते देऊन टाकण्याची त्यांना घाई असते. ते दिले की धातूवर दोन धन विद्युतभार येतात. सोप्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक भावंडाला दोन हात फुटतात, आणि त्या दोन हातांनी ते समोर येईल त्याला धरून ठेवते. मिठातल्या सोडियमला असा एकच हात असतो. या दोन हातांमुळेच कॅल्शियम हाडात घट्ट बसते, साबणाचा फेस होऊ देत नाही आणि काही औषधांनाही आतड्यात अडकवून ठेवते. हे दोन हात ध्यानात ठेवा, पुढे वारंवार लागणार आहेत.

वरून खाली येताना

घर एक असले तरी भावंडांचे स्वभाव वयाप्रमाणे बदलत जातात. वरचे बेरिलियम सर्वांत लहान. रांगेत खाली यावे तसा अणू मोठा होत जातो. अणू मोठा झाला की बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर जातात, त्यांच्यावरची पकड सैल होते आणि ते अधिक सहज निसटतात. म्हणून खालची भावंडे जास्त तापट.

हा फरक पाण्यात चांगला दिसतो. बेरिलियम पाण्यात टाकले तर काही होत नाही. मॅग्नेशियम थंड पाण्यात अगदी मंदपणे, पण वाफेत जोराने क्रिया करते. कॅल्शियमचा तुकडा साध्या पाण्यात टाकताच हायड्रोजनचे बुडबुडे येऊ लागतात. स्ट्रॉन्शियम आणि बेरियम त्याहून तेज. म्हणूनच यांतील एकही धातू निसर्गात मोकळा सापडत नाही. चुनखडी, शिरगोळा, जिप्सम अशा कोणत्या ना कोणत्या क्षाराच्या रूपातच तो आपल्याला भेटतो.

दिवाळीत ही भावंडे आपण आकाशात पाहतो. डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश मॅग्नेशियमचा, विटकरी तांबडा कॅल्शियमचा, गडद लाल स्ट्रॉन्शियमचा आणि हिरवा बेरियमचा. बेरियमचे क्षार आरोग्याला घातक असल्याने सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फटाक्यांत त्यांच्या वापरावर बंदी घातली.

एक जिना चढता, एक उतरता

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग. पोटात गेलेली वस्तू विरघळली तरच ती रक्तात जाते. न विरघळता तशीच शौचावाटे बाहेर पडली तर सहसा औषधही नाही आणि विषही नाही. तेव्हा 'हा धातू विषारी आहे का?' असा प्रश्न अर्धवट आहे. 'या धातूचा कोणता क्षार, आणि तो विरघळतो का?' हा पूर्ण प्रश्न झाला.

या घरात विरघळण्याचे दोन जिने आहेत. पहिला हायड्रॉक्साइडचा. वरून खाली यावे तसे हायड्रॉक्साइड अधिकाधिक विरघळते. एक लिटर पाण्यात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड जेमतेम १० मिलिग्रॅम विरघळते. कॅल्शियमचे, म्हणजे आपल्या खाण्याच्या चुन्याचे, दीड-पावणेदोन ग्रॅम. बेरियमचे तर ४० ग्रॅमच्या जवळपास. जितके जास्त विरघळेल तितका त्याचा दाहकपणा जास्त. म्हणून 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया' हे पांढरे औषध आपण पित्तावर आणि बद्धकोष्ठावर निर्धास्त पितो, चुना मात्र जिभेला भाजतो.

दुसरा जिना सल्फेटचा. तो बरोबर उलटा आहे. मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम मीठ, एका लिटर पाण्यात शेकडो ग्रॅम विरघळते. कॅल्शियम सल्फेट अवघे दोन-अडीच ग्रॅम. हाड मोडल्यावर घालतात ते प्लास्टर याचेच. प्लास्टर ओले असताना गरम लागते अशी तक्रार रुग्ण करतात. पाणी शोषून घट्ट होताना बाहेर पडणारी ती उष्णता असते, घाबरण्याचे कारण नाही. आणि बेरियम सल्फेट? एक लिटर पाण्यात फक्त दोन-अडीच मिलिग्रॅम. म्हणजे जवळजवळ नाहीच.

बेरियमचा पेला

आता तिसऱ्या पत्राचे उत्तर तुम्हीच देऊ शकाल. विरघळलेले बेरियम हे खरोखर जहाल विष आहे. ते पेशींतून पोटॅशियम बाहेर येण्याच्या वाटा बंद करते. रक्तातील पोटॅशियम झपाट्याने उतरते, हातपाय लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. उंदरांसाठी वापरले जाणारे विष बेरियम कार्बोनेटचे असते. ते साध्या पाण्यात फारसे विरघळत नाही, परंतु जठरातील आम्लात लगेच विरघळते. तिथेच घात होतो.

एक्स-रेच्या पेल्यात असते ते बेरियम सल्फेट. ते पाण्यात विरघळत नाही आणि जठरातील आम्लालाही दाद देत नाही. बेरियमचा अणू मोठा आणि भारी असल्याने तो क्ष-किरण अडवतो. त्यामुळे अन्ननलिका, जठर आणि आतडे फिल्मवर पांढरे शुभ्र उमटतात, आणि व्रण, गाठ किंवा अरुंद झालेली जागा कळते. गंमत पाहा, याच घरातले सर्वांत धाकटे बेरिलियम इतके हलके की त्यातून क्ष-किरण आरपार जातात. म्हणून एक्स-रे नळीच्या काही प्रकारांत किरण बाहेर येण्याची खिडकी बेरिलियमची करतात. एक भाऊ किरणांना वाट देतो, दुसरा वाट अडवतो.

फरक मात्र जीवन-मरणाचा आहे. २००३ साली ब्राझीलमध्ये तपासणीसाठी दिलेल्या बेरियम सल्फेटात बेरियम कार्बोनेटची भेसळ निघाली आणि अनेक रुग्ण दगावले. धातू तोच, रंग तोच पांढरा, फक्त जोडीदार बदलला. म्हणून ही पावडर वैद्यकीय शुद्धतेचीच लागते.

तेव्हा या तरुण मित्राला माझे सांगणे : वडिलांची तपासणी जरूर करून घ्या. तपासणीनंतर दोन-तीन दिवस भरपूर पाणी पाजा. शौचाला पांढरे होईल, काहींना घट्टही होते. मात्र जठराला किंवा आतड्याला भोक पडल्याची शंका असेल, पोट एकदम दगडासारखे कडक झाले असेल, तर बेरियम देत नाहीत. त्या वेळी दुसरे, पाण्यात मिसळणारे औषध वापरतात. पोटात पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल तर ती एक्स-रे काढणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा.

आणि कोणाच्या पोटात उंदराचे औषध गेलेच, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता औषधाच्या पुडीसह रुग्णालय गाठा. बेरियमच्या विषबाधेत डॉक्टर सल्फेटचाच क्षार देतात, बहुधा मॅग्नेशियम सल्फेट. आतड्यात बेरियम सल्फेट तयार होते, ते विरघळत नाही, आणि विष जागच्या जागी निकामी होते.

चुना : डबीत, डोळ्यात आणि दह्यात

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की त्यातील कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो खदखदतो, फुगतो, वाफा येतात. रंगकामासाठी पिंपात चुना भिजवताना हे आपण पाहतो. त्या वेळी लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नका. खदखद शांत झाल्यावर जो उरतो तो भिजवलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड.

हा चुना डोळ्यात गेला तर आम्लापेक्षाही वाईट. आम्लाने डोळ्याचा पृष्ठभाग गोठतो आणि आम्ल काहीसे तिथेच थबकते. चुना पृष्ठभाग विरघळवत आत आत जातो. बुबुळ पांढरे होऊन नजर कायमची जाऊ शकते. गवंडी, रंगकाम करणारे आणि लहान मुले हे नेहमीचे बळी. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी मुले खेळता खेळता दाबतात, ती फुटते आणि चिळकांडी थेट डोळ्यात जाते. अशा वेळी पहिली दहा मिनिटे डॉक्टरांच्या हातात नसतात, तुमच्याच हातात असतात. म्हणून नीट वाचा :

१. लगेच नळाखाली किंवा तांब्याने स्वच्छ पाण्याची धार डोळ्यावर धरा. निदान अर्धा तास. मूल रडले तरी थांबू नका.

२. डोके असे कलते ठेवा की चुन्याचे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. पापण्या बोटांनी उघड्या ठेवा.

३. पापणीखाली चुन्याचे कण अडकतात. दिसतील तेवढे ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद काढा. बाकीचे काम डॉक्टरांवर सोडा.

४. लिंबू, दूध, तूप, मध, गुलाबपाणी यांतले काहीही घालू नका. डोळा चोळू नका.

५. धुऊन झाल्यावर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. दुखणे थांबले म्हणून घरी बसू नका.

कॅल्शियमचा आणखी एक क्षार म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. पाणी लागले की त्यातून अ‍ॅसिटिलीन हा पेट घेणारा वायू निघतो. आंबे, केळी यांनी पिकवण्यास कायद्याने मनाई आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. २०२५ च्या दिवाळीत याच कार्बाइडवर चालणाऱ्या पाइपच्या बंदुकांनी मध्य प्रदेशात अनेक मुलांचे डोळे जखमी झाले. अशी खेळणी घरात येऊ देऊ नका.

आता तंबाखूचा विषय. तंबाखू मळताना चुना कशासाठी लागतो, हे चंची बाळगणाऱ्या किती जणांना ठाऊक असते? चुना अल्कधर्मी असल्याने तंबाखूतील निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरते. किक बसते ती चुन्यामुळे, आणि सवय घट्ट होते तीही चुन्यामुळेच. शिवाय त्याच जागी रोज चुना भाजत राहिल्याने आतली त्वचा सोलवटते. गालात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तिखट लागू लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही, हाच त्याचा कावा आहे.

राहिला आपल्या गुरुजींचा दह्यातला चुना. आपण गणित करू. गव्हाचा दाणा भरतो साधारण ५० मिलिग्रॅम. चुना पूर्ण कोरडा धरला तरी त्यात निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे २५ ते ३० मिलिग्रॅम कॅल्शियम. ओल्या चुन्यात त्याहून कमीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला लागते १००० मिलिग्रॅम. म्हणजे दाण्याएवढ्या चुन्याने गरजेचा तीन टक्के भागही भरत नाही. याउलट एक कप दुधात पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि ५० ग्रॅम पिठाच्या एका नाचणीच्या भाकरीतही जवळपास तेवढेच. चमचाभर तिळात शंभरहून अधिक. धान्यातले आणि तिळातले सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही हे खरे, तरीही चुन्यापेक्षा हा व्यवहार कितीतरी फायद्याचा. आणि बाजारातला चुना रंगकामाचा की खाण्याचा, त्यात आणखी काय मिसळले आहे, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. सबब, गुरुजी, गोळी बंद करू नका.

शरीरातले दोन सख्खे भाऊ

आपल्या शरीरात एक किलोच्या आसपास कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत, पण हृदयाचे आकुंचन, रक्ताचे गोठणे, नसांचे संदेश हे सारे त्या एका टक्क्यावर चालते. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करीत होते. ते चांगले धडधडत राहिले. नंतर कळले की मदतनिसाने ते द्रावण शुद्ध पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केले होते. शुद्ध पाणी वापरताच ठोके मंदावून थांबू लागले. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम हृदयाला चालवत होते. १८८३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. दवाखान्यात 'आर. एल.'ची बाटली लावतात, त्यातला 'आर' म्हणजे हेच रिंगर.

मॅग्नेशियम सुमारे २५ ग्रॅम असते. झाडांच्या हिरव्या रंगाच्या, म्हणजे हरितद्रव्याच्या केंद्रस्थानीही मॅग्नेशियमच आहे. त्यामुळे पालेभाज्या, डाळी, शेंगदाणे नियमित खाणाऱ्याला ते सहसा कमी पडत नाही. हे दोघे भाऊ एकमेकांना आवरतात. कॅल्शियम स्नायूला उत्तेजन देते, मॅग्नेशियम त्याला शांत करते.

या भाऊबंदकीने किती बायकांचे प्राण वाचले असतील, त्याची मोजदाद नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात. आई आणि बाळ दोघेही जातात. त्यावरचे उत्तम औषध महागडे नाही, ते आहे मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन. दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या 'मॅगपाय' नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २००२ साली आले. या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. औषध जास्त झाले तर आधी गुडघ्याची उसळी जाते, मग श्वास मंदावतो. म्हणून परिचारिका गुडघ्यावर हातोडी मारून पाहते, श्वास आणि लघवी मोजते. आणि जवळ ठेवलेला उतारा कोणता? कॅल्शियम ग्लुकोनेट. एका भावाने जास्त दडपले तर दुसरा सोडवतो. तेव्हा घरातील गरोदर सुनेला किंवा लेकीला डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, वरच्या पोटात दुखणे अशी तक्रार असेल तर 'दृष्ट लागली' म्हणून काढत बसू नका. त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या.

एक इशारा येथेच देतो. मॅग्नेशियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे. ज्यांची मूत्रपिंडे कमजोर आहेत त्यांनी मिल्क ऑफ मॅग्नेशिया किंवा एप्सम मीठ मनाने घेऊ नये. 'लिव्हर साफ करण्यासाठी' एप्सम मीठ पिण्याचे सल्ले फिरतात, तेही ऐकू नयेत.

जड पाणी आणि मुतखडा

आपल्याकडच्या काळ्या दगडातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरते. तेच जड पाणी. साबणाला त्यांचे दोन हात धरतात, मग फेसाऐवजी चिकट साय येते. डाळीच्या दाण्यांना बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनलाही ते धरतात, म्हणून डाळ शिजत नाही. उकळल्यावर भांड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तो चुनखडीचाच. भारतीय मानकाप्रमाणे पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

या पाण्याने मुतखडा होतो अशी समजूत पक्की आहे. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, हे खरे. पण खडा होण्याचे मोठे कारण पाण्यातले कॅल्शियम नव्हे, पाणी कमी पिणे हे आहे. उन्हात राबणाऱ्याची लघवी दाट होते आणि त्यात ऑक्झलेट आणि कॅल्शियम एकमेकांना धरून खाली बसतात. आता दूध बंद केले तर काय होईल? जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडते आणि शौचावाटे बाहेर नेते. कॅल्शियम कमी पडले की मोकळे ऑक्झलेट रक्तात जाते, तेथून मूत्रपिंडात. म्हणजे दूध बंद करून आपण खड्याला आमंत्रणच देतो. तेव्हा त्या भगिनींनी दूध-ताक आजपासून सुरू करावे. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे आणि मीठ कमी करावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारून ठरवावे.

हाडे फसतात तेव्हा

स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि रेडियम ही कॅल्शियमच्या खालची भावंडे त्याच्यासारखीच दिसतात. हाड ओळखपत्र तपासत नाही. दोन हात आणि साधारण तोच बांधा दिसला की आत घेते.

अमेरिकेत १९१७ पासून घड्याळाच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवायला तरुण मुली नेमल्या गेल्या. रंगात रेडियम होते. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवले होते. रेडियम जबड्यात आणि हाडांत जाऊन बसले. जबडे सडले, हाडांचे कर्करोग झाले, कित्येकींचे प्राण गेले. न्यू जर्सीतील पाच जणींनी दाद मागितली आणि १९२८ साली त्यांना भरपाई मिळाली. कामगारांच्या सुरक्षिततेच्या इतिहासात हा खटला मैलाचा दगड ठरला.

पुढे उघड्यावर अणुस्फोटांच्या चाचण्या होऊ लागल्या. त्यांतून निघालेले किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० गवतावर, गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या दातांत उतरले. सेंट लुईस शहरात १९५८ पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्यात आले, सुमारे तीन लाख वीस हजार. त्यांत स्ट्रॉन्शियम वाढत असल्याचे दिसले. १९६३ साली हवेतील अणुचाचण्या थांबविण्याचा करार झाला, त्यामागच्या लोकमताला या दातांनी बळ दिले.

हीच फसगत आता वैद्यकशास्त्राने उपयोगात आणली आहे. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला तर रेडियम-२२३ देतात. २०१३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते कॅल्शियम समजून हाडात जाते आणि तेथील रोगट पेशी जाळते. उलट, हाडे बळकट करणारे स्ट्रॉन्शियमचे एक औषध हृदयाला धोका असल्याचे दिसल्यावर मागे पडले. तुमच्या जुन्या चिठ्ठीत ते असेल तर मनाने पुन्हा आणू नका.

बेरिलियम मात्र या फसवणुकीत नाही. ते फारच लहान. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर शरीराची संरक्षणव्यवस्था बिथरते आणि क्षयासारखा दिसणारा जुनाट आजार होतो. ट्यूबलाइटच्या आतल्या लेपात पूर्वी ते असे. अमेरिकी कारखान्यांनी १९४९ मध्ये ते बंद केले.

गोळी घेताना

शेवटी रोजच्या कामाचे. खाली दिलेले कापून औषधांच्या डब्यावर चिकटवलेत तरी चालेल.

- कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणानंतर घ्या. ती विरघळायला जठरातले आम्ल लागते. जे रोज पित्ताची गोळी घेतात त्यांनी सायट्रेटच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

- लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नका. दोघे एकमेकांच्या वाटेत येतात. गरोदर स्त्रियांनी एक सकाळच्या जेवणानंतर आणि दुसरी रात्री, अशी वेळ ठरवावी.

- थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर हवे. टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधे दुधाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेऊ नका. दोन हात त्यांना आतड्यातच धरून ठेवतात आणि औषध वाया जाते.

- 'ड' जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम नीट शोषले जात नाही. पण त्याची जबरी मात्रेची इंजेक्शने वारंवार घेऊ नका. रक्तातले कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, सतत लघवी, ग्लानी येते आणि मूत्रपिंडे बिघडतात.

- कोणतीही पांढरी पावडर बिनलेबलच्या बरणीत ठेवू नका. विहिरीत टाकण्याची टी.सी.एल. पावडर, चुना, खाण्याचा सोडा आणि उंदराचे औषध दिसायला सारखेच.

पांढऱ्या पुडीवरचे धातूचे नाव वाचून थांबू नका, पुढचा शब्दही वाचा. सल्फेट आहे की कार्बोनेट, की हायड्रॉक्साइड, त्यावरून ते अंगात उतरेल की नाही हे ठरते. शंका आली तर पुडी घेऊन डॉक्टरांकडे या. विचारायला लाजू नका.